ओला माल, सुका माल

मुंबईतल्या गिरण्यांचा संप संपला असं कुणी कधी जाहीर केलंच नाही. तो नुसता विरत गेला. विश्राम त्याआधीच गावी आला होता. एक ट्रंक, एक वळकटी आणि सोळा वर्षं साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, काम करून कानांत राहिलेला आवाज एवढंच बरोबर होतं. कसालला एस.टी.तून उतरून तो आत बावखोलवाडीपर्यंत चालत आला. यशोदा तेव्हा बागेत होती. तिनं हातातला कोयता खाली ठेवला, त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "आधी पेज खावा. मगे बोलूया."

लग्न झाल्यापासून दोघं सलग एक महिनाही एकत्र राहिली नव्हती. तो गणपतीला यायचा आणि गौरी गेल्या की परतायचा. त्यामुळे घराखालची वहाळालगतची बाग नावानं त्याची असली तरी ती उभी केली होती यशोदेनं. वर नारळ, मधे पोफळी, आणि त्यांच्या सावलीत त्याला अनोळखी असलेली साठेक झाडं. मोठ्या, लोंबत्या पानांची. त्यांची फळं फांदीच्या टोकाला नव्हे, तर थेट खोडाला चिकटून यायची. लांबट, खाचांची, पिकली की पिवळी होणारी.

"कोको," यशोदा म्हणाली. "शेतकी खात्याच्या माणसान रोपां वाटली तेव्हा मी घेतलंय. तुमका पत्रात लिवलेलंय. वाचल्यात नाय?"

त्यानं वाचलं होतं. पण गिरणीच्या भोंग्यात कोको म्हणजे काय, याचा विचार करायला वेळ कुणाला होता?

पहिल्या दिवशी त्यानं फळ हातानं पिळून ओढलं. यशोदेनं त्याचा हात धरला. "अशा नको. ओढल्यार सालीचो डोळो मोडता. फळ जंय येता थंयच पुढल्या वर्षाचा फूल येता. देठ ठेवन कापा." तो मुकाट्यानं कापू लागला. आपल्याच बागेत आपण नवे आहोत, हे त्याला लागलं नाही. उलट बरं वाटलं. साच्यावर त्याला कुणी असं हळू आवाजात काही शिकवलं नव्हतं.

वाडीत अकरा घरांकडे कोको होता. कुणाकडे चाळीस झाडं, कुणाकडे पंधरा. तुळसाकाकी एकटीच राहायची, तिच्या परसात फक्त आठ होती. फळं फोडायची, आतल्या पांढऱ्या, चिकट गरातल्या बिया टोपलीत काढायच्या आणि त्या तशाच ओल्या दाजीच्या टेम्पोत घालायच्या. दाजी म्हणजे विश्रामचा थोरला चुलतभाऊ. कसालच्या हायवेवर त्याचं दुकान होतं, आणि चॉकलेट करणाऱ्या एका कंपनीची माल उचलायची एजन्सी. एक दिवसाआड संध्याकाळी त्याचा टेम्पो देवळाच्या पाराशी येऊन थांबायचा. दाजी काटा लावायचा, तोलायचा आणि हसतखेळत पैसे द्यायचा. या झाडांचं काही तरी होईल, हे वाडीला पहिल्यांदा पटवलं तेही दाजीनंच. त्याआधी दोन वर्षं फळं खारी आणि वानरंच खात होती.

चौऱ्याऐंशीच्या मार्चमध्ये, फळांचा हंगाम ऐन भरात येत असताना, दाजी टेम्पोतून उतरला तो हसलाच नाही.

"आजपासून सगळो माल दुसरो नंबर," तो म्हणाला. "कंपनीचो हुकूम आसा. भाव खाली इलो. आणि गराचा पाणी गळता, म्हणान वजनात तूट धरूची लागतली."

लोक काट्याभोवती जमले. कुणी म्हणालं, काल पहिला नंबर होता आणि आज त्याच झाडाची बी दुसरी कशी झाली? दाजीनं हात वर केले. "माका कित्याक इचारतास? मी खंय चॉकलेट करतंय?"

कुणी टोपली परत नेली नाही. नेऊन करणार काय? ओली बी दुसऱ्या दिवशी आंबूस वास मारते, तिसऱ्या दिवशी काळी पडते. सगळ्यांनी तोलून घेतलं. टेम्पो गेल्यावर तुळसाकाकी विश्रामकडे वळली.

"विश्राम, तू मुंबैत एवढो मोठो संप केलस. तूच सांग, आमी काय करूचा?"

सगळे त्याच्याकडे बघू लागले. 

"माका इचारू नको, काकी," तो म्हणाला. "संप मी करूक नाय. सगळे थांबले, म्हणान मी थांबलंय." आणि तो रिकामी टोपली उचलून घराकडे चालू लागला.

यशोदा मागोमाग घरी आली. तिनं चुलीवर भात ठेवला, त्याला चहा दिला आणि समोर बसली.

"तुमी गप कित्याक रवलात?"

विश्रामनं कप हातात धरला. मग त्यानं तिला कधीच न सांगितलेलं सांगितलं.

"माझ्या बाजूच्या साच्यावर एक माणूस होतो. देवगडकडचो. पुढारी आमका सांगीत होते, आणखी एक म्हयनो कळ काढा. तो म्हयनो जाय, मगे आणखी एक. तेना पोरीची शाळा सोडयल्यान. घरातली भांडी विकल्यान. आणि एक दिवस मान खाली घालून परत आत गेलो. गेटावर लोकांनी तेका काय काय म्हटला. मी बघी होतंय. तेका थांब म्हणान सांगणारो कोण होतो? तो खंय होतो तेव्हा?" त्यानं कप खाली ठेवला. "आता हे माका म्हणतत, तू सांग. मी कोणाक थांब म्हणान सांगूचंय नाय. काय वाट्टेल ता होवंदे."

यशोदा उठली. तिनं भात बघितला, लाकडं मागे ओढली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "थंय तुमच्या हातात काय होता? साचो मालकाचो. खोली भाड्याची. तांदूळ दुकानातले. हंय तसा नाय. भात आमच्या कणगीत आसा. आमी उपाशी रवूचव नाय. थांबाक येणा नाय तां आमका नाय, त्या बियेक. ओली बी एक रात काढणा नाय, म्हणान दाजी म्हणता तो भाव. ती बी थांबाक शिकली तर?"

"बी कशी थांबतली?"

"सुकवन."

रोपं वाटली तेव्हा शेतकी खात्याच्या माणसानं कुडाळला एक दिवस बायकांना बोलावून दाखवलं होतं. ओल्या बिया केळीच्या पानांत गच्च झाकून ठेवायच्या, एक दिवसाआड खालीवर करायच्या. आठवडाभरात त्या आतून तापतात, आंबतात, कडूपणा कमी होतो. मग उन्हात सुकवायच्या. अशी सुकी बी वर्षभर राहते. यशोदेनं तेव्हा ते मन लावून पाहिलं होतं, पण मग दाजी ओलाच माल नेऊ लागला आणि ते सगळं मागे पडलं.

दोघांनी मोठ्या करंड्यात पानं अंथरली. पहिल्या दिवशी बियांना ताज्या माडीसारखा वास आला, तिसऱ्या दिवशी शिरक्यासारखा झणझणीत. विश्रामनं वरची पानं बाजूला करून राशीत हात घातला आणि चटकन बाहेर काढला. आत ऊब नव्हती, चक्क गरम होतं.

"तापला गो!" तो ओरडला. यशोदा हसली. तिनं त्याला गावी आल्यापासून असं ओरडताना पाहिलं नव्हतं.

आठवड्यानं बिया खळ्यात चटईवर पसरल्या. चैत्राचं ऊन होतं. त्या तांबूस झाल्या, मग गडद. हातात घेतल्या की खुळखुळ वाजू लागल्या. हे बघायला शेजारची माणसं येऊ लागली आणि मग विश्रामला बोलावंच लागलं. तो घरोघर गेला, पण प्रत्येक घरी त्यानं एकच सांगितलं, "मी कोणाक थांबा म्हणणंय नाय. ज्येका जमता तेना आपल्या घरी करूचा. सुको माल एकत्र भरूया आणि कंपनीक दाखवया."

एकत्र भरायचं हे मात्र त्यानं धरून ठेवलं. कुणाचा माल पहिला आणि कुणाचा दुसरा, असं वाडीत व्हायला नको होतं. सगळ्यांच्या बिया एकाच गोण्यांत, भाव सगळ्यांना सारखा. यशोदेला ते तितकंसं पटलं नव्हतं. "आधी आमचो बघूया, मगे सगळ्यांचो," ती म्हणाली होती. पण त्याच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांनी आलेलं तेज बघून तिनं विषय सोडला.

दाजीचा टेम्पो पाराशी येऊन रिकामा परत जाऊ लागला. दाजी कुणाशी भांडला नाही. नुसता विचारायचा, "आज पण नाय?" आणि काटा परत आत ठेवायचा.

पाऊस लागला तरी फळं पिकायची थांबली नाहीत. खळ्यात आता काही वाळणार नव्हतं. ज्याला जसं सुचलं तसं त्यानं केलं. कुणी पडवीत पसरलं, कुणी पोत्यावर. तुळसाकाकीनं चुलीवरच्या माळ्यावर, जिथं ती दर वर्षी आमसुलं आणि खोबरं सुकवायची, तिथंच बिया पसरल्या. श्रावण सरेपर्यंत सहा गोण्या भरल्या. विश्राम ओरोसला शेतकी ऑफिसात गेला, तिथून कंपनीचा पत्ता मिळवला आणि त्यांना कळवलं. गणपती झाल्यावर कंपनीचा साहेब येईल असा निरोप आला तेव्हा वाडीत सणासारखं वातावरण झालं.

साहेब तरुण होता. उकाड्यानं हैराण झालेला, पण बोलायला सरळ. वाडीतल्यांनी डोक्यावरून आणलेल्या गोण्या त्यानं दाजीच्याच दुकानाच्या पडवीत उघडल्या. प्रत्येकीतून मूठ-मूठ बिया काढून वर्तमानपत्रावर पसरल्या आणि खिशातल्या चाकूनं एकेक उभी चिरू लागला. वाडीतली दहा-बारा माणसं भोवती उभी होती.

"ही पाहा," तो म्हणाला. "आतून तपकिरी, चिरा पडलेल्या. उत्तम आंबवलीय. अशी बी आम्हाला या भागातून आजवर मिळालेली नाही." विश्रामनं यशोदेकडे पाहिलं. "आता ही. आतून राखाडी, दगडासारखी घट्ट. ही तापलीच नाही. आणि ही..." त्यानं एक बी विश्रामच्या नाकाशी धरली. "वास घ्या."

विश्रामनं वास घेतला. "धूर."

"धूर. हा कशानंही जात नाही. भाजा, दळा, साखर घाला, दूध घाला, शेवटी जिभेवर धूर उरतोच. पोत्यात चार मुठी अशा असल्या तरी अख्खं पोतं वाया जातं."

"आम्ही निवडून देतो, साहेब."

"वास डोळ्यांना दिसत नाही हो." त्यानं चाकू पुसला. त्यालाही वाईट वाटत होतं. "मी हा माल घेऊ शकत नाही."

विश्रामनं कसंबसं विचारलं, "मग ओल्या मालाला तुम्ही सरसकट दुसरा नंबर का लावता?"

"कारण तो आमच्याकडे पोचेपर्यंत टेम्पोत आणि गोदामात दोन दिवस पडून असतो. पोचतो तोवर दुसराच झालेला असतो. तुम्ही इथंच नीट आंबवून सुकवलात तर पहिला नंबर आहेच. हे आम्ही एजंटांना सांगितलंय." तो दाजीकडे वळला नाही, पण बाकी सगळे वळले.

दाजीनं कुचेष्टा केली असती, तर विश्रामला सोपं गेलं असतं. पण दाजीनं आतून पाण्याचा तांब्या आणला आणि सगळ्यांना पाणी दिलं.

सहा गोण्या परत वाडीत आल्या. माडांच्या आळ्यांत खत म्हणून गेल्या. पारावर लोक मोठ्यानं बोलू लागले. ज्यांची बी चांगली निघाली असती ते म्हणू लागले, तुळसाकाकीनं घात केला. बाकीचे म्हणू लागले, विश्राममुळे हंगाम गेला, दुसरा नंबर तरी हातात येत होता. पुढच्याच खेपेला दाजीचा टेम्पो भरला. तुळसाकाकीही आपली टोपली घेऊन रांगेत उभी होती.

विश्राम बागेबाहेर पडेनासा झाला. शिंपणं करायचा, झावळ्या ओढायचा, संध्याकाळी ओट्यावर बसायचा. यशोदेनं त्याला दोष दिला नाही. 'मी सांगलेलंय' हे शब्द तिच्या ओठांवर एकदाही आले नाहीत, आणि त्याला तेच जास्त जड जात होतं.

शेवटी एक दिवस तीच म्हणाली, "तुळसाकाकीकडे जावन येवा. तिका लोक बोलतत. तिच्याशी कोण बोलणा नाय."

तुळसाकाकी परसात सुपारी सोलत होती. त्याला पाहून तिनं पाट सरकवला नाही.

"तू पण बोलूक इलस?"

"नाय, काकी."

"मगे आयक." तिनं अडकित्ता बाजूला ठेवला. "धुरान नासता म्हणान माका कोणी सांगूक नाय. आमसुलां धुरावर बरी सुकतत, मी म्हटलंय ह्यां पण सुकात. आणि तापवचा म्हणशीत, तर माझी टोपली तापाकच नाय. चार दिवस झाकून ठेवलंय, हात घालून बघलंय, थंडच. आठ झाडांची बी ती किती? मूठभर निखारे येगळे ठेवल्यार इझतत ना रे? तसाच. तू म्हणालस आपापल्या घरी करा. केलंय. गोणी मात्र सगळ्यांची एक केलस."

विश्राम पायरीवरच बसला. तिच्या बोलण्यात राग कमी आणि थकवा जास्त होता. त्याला वाटलं होतं, माल एकत्र केला की सगळे सारखे झाले. पण ज्याची टोपली तापत नव्हती, तो त्या सगळ्यांत एकटाच राहिला होता. एकत्र करायचं ते शेवटी नव्हे, आधी करायला हवं होतं. काम करतानाच.

"काकी," तो म्हणाला, "चूक तुझी नाय. ह्या मी पारावर सगळ्यांसमोर सांगतलंय."

त्यानं सांगितलं. ऐकून कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकजण तर उठून गेला. पण बाकीचे बसले.

दिवाळीनंतर दुसरा बहर सुरू होणार होता, तेव्हा आभाळ मोकळं असायचं. विश्रामनं फणसाच्या जुन्या फळ्या जोडून एक मोठी पेटी केली. तळाला भोकं, म्हणजे पाणी निथळून जाईल. पेटी त्याच्या खळ्याच्या कडेला, पण फळं फोडायची सगळ्यांनी एकाच दिवशी आणि टोपल्या ओतायच्या सगळ्यांनी तिथंच.

"जेका दाजीक विकूचा तेना विकूचा," त्यानं सांगितलं. "पावसात तर आमी सगळेच ओलो विकू, कारण सुकवक जागा नाय. पण जी टोपली हंय ओतलास ती तुमची रवली नाय. ती सगळ्यांची."

अकरा घरांपैकी सात आली. चार दाजीकडेच राहिली, आणि त्यांना कुणी काही म्हणायचं नाही हेही ठरलं. त्या एका गोष्टीवर विश्राम फार कडक होता.

पेटी तापली. अशी तापली की सकाळच्या थंडीत वरच्या पानांतून वाफ निघे. खालीवर करायला दोघं-दोघं पाळीनं येत. मग ओळीनं चटया पडल्या आणि चटयांवर कोंबड्या येऊ नयेत म्हणून तुळसाकाकी हातात काठी घेऊन दिवसभर माडाच्या सावलीत बसू लागली. वाटणीचं बोलणं निघालं तेव्हा यशोदा म्हणाली, "काकीच्यो टोपल्यो थोड्यो, पण राखण सगळी तिची. तेचो पण वाटो धरूक होयो." एक-दोघांनी कुरकुर केली की म्हातारी नुसती बसून असते. "मगे एक दिवस तुमी बसा," यशोदा म्हणाली. वाटा धरला गेला.

गेल्या वेळेसारख्या डोक्यावरून गोण्या न्यायला कुणी तयार नव्हतं, आणि एस.टी.वाला घेईना. वाहन एकच होतं. विश्राम दाजीच्या दुकानात गेला.

"टेम्पो होयो."

"सुक्या मालावर माका काय गावतला?" दाजीनं विचारलं.

"भाडा."

"कमिशन?"

"नाय."

दाजीनं बरण्यांची झाकणं उगाच घट्ट केली. "विश्राम, मी कोणाक फसवूक नाय. साहेब म्हणालो ताच मी पारावर सांगलंय."

"म्हायत आसा. पण सुको माल पयलो नंबर जाता, ह्या पण साहेब म्हणालो होतो. तां तू सांगूक नाय."

 बाहेरून एक ट्रक गोव्याकडे गेला, दुकानाच्या फळ्या थरथरल्या.

"सांगलंय असतंय," दाजी म्हणाला, "तर माझो टेम्पो कोणी भरलो असतो? माका दोन चेडवांची लग्नां करूची आसत."

 दाजी चुकला होता आणि दाजीचं म्हणणं खोटंही नव्हतं. साच्यावरचे दिवस असते तर विश्रामनं त्याला एका बाजूला उभं केलं असतं. इथं बाजू इतक्या सरळ नव्हत्या, आणि तो भाऊ होता.

"भाडा वाडवन घे," विश्राम म्हणाला. "दर खेपेक तुझोच टेम्पो. दुसऱ्याक सांगूचव नाय."

 दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो खळ्याशी उभा होता.

साहेबानं पुन्हा बिया चिरल्या. सगळ्या गोण्यांतल्या. एकेक बी बाजूला ठेवत गेला आणि शेवटी चाकू मिटून म्हणाला, "पहिला नंबर." मग जरा थांबून म्हणाला, "गोणीवर नाव काय लिहायचं? माल कुणाचा?"

सातही घरांची माणसं एकमेकांकडे बघू लागली. तुळसाकाकी म्हणाली, "बावखोलवाडी लिव." साहेबानं तसंच लिहिलं. त्या दिवशी पाराशी कुणी गुलाल उधळला नाही, पण संध्याकाळी वाडीत प्रत्येक घरी कुणी तरी दुसऱ्या घरचं बसायला आलेलं होतं.

तीन वर्षं असं चाललं. पुढच्या वर्षी नऊ घरं झाली, मग एक गळून आठ. पावसातला माल ओलाच गेला, दुसऱ्या नंबरात, त्याला इलाज सापडला नाही. सत्त्याऐंशीच्या शेवटी कंपनीनं कळवलं की दक्षिणेत एका जागी भरपूर माल मिळतो, एवढ्या लांब थोड्या गोण्यांसाठी माणूस पाठवणं परवडत नाही. साहेबानं स्वतः येऊन सांगितलं आणि मालाला नावं ठेवायला जागाच नाही, असंही म्हणाला. पण त्यानं काही बदललं नाही.

यावेळी पारावर कुणी विश्रामला 'तू सांग' म्हटलं नाही. सगळे मिळून बसले. तीन घरांनी झाडं तोडून मिरी लावायची ठरवलं. बाकीच्यांनी एक हंगाम वाट बघू म्हटलं. दाजी, जो आता बैठकीला यायचा, म्हणाला की म्हापशाला कायतान म्हणून एक बेकरीवाला आहे, नाताळाला चॉकलेटची मिठाई करतो, त्याला विचारून बघा.

शुक्रवारच्या बाजाराला विश्राम आणि यशोदा बांद्यावरून म्हापशाला गेली. यशोदा पहिल्यांदाच गोव्यात पाऊल टाकत होती. कायतान जाडजूड, पांढऱ्या मिशांचा. त्यानं मूठभर बिया तव्यावर भाजल्या, तळहातावर चोळून साल फुंकली आणि एक तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला, एकेक त्यांच्या हातावर ठेवला. कडू होतं, पण कडूपणामागून काही तरी हळूहळू येत होतं, पिकल्या फणसाच्या आठवणीसारखं.

"बरें आसा," तो म्हणाला. "दोनच गोणी घेतां. चड ना. भाव कितें?"

विश्राम यशोदेकडे वळला. तिनं भाव सांगितला. कंपनीपेक्षा थोडा वरचा. कायताननं भुवया उंचावल्या. "इतलो कित्याक?"

यशोदेनं बोटं मोजून दाखवली नाहीत. ती साध्या आवाजात सांगत गेली. झाडाचा डोळा न मोडता काढणं, पेटी खालीवर करणं, आठवडाभर उन्हात फिरवणं, राखणीला बसलेली म्हातारी, टेम्पोचं भाडं. "ह्यातला एक जरी कमी केला तर तुमका अशी बी गावूची नाय," ती म्हणाली.

कायतान हसला. "फुडल्या वर्सा वायट आयली जाल्यार घेवचों ना हां."

"घेव नकात," यशोदा म्हणाली. "आमी पण वायट देवचव नाय."

बाहेर बाजार गजबजला होता. बसला अवकाश होता. दोघं एका झाडाखाली बसली. दोन गोणी म्हणजे वाडीच्या निम्म्याहूनही कमी माल. कुणाची किती बी घ्यायची, उरलेल्याचं काय करायचं, हे घरी जाऊन सगळ्यांशी बोलावं लागणार होतं, आणि बोलणं सोपं जाणार नव्हतं.

"आणखी एखादो बेकरीवालो मडगावाक असतलो," विश्राम म्हणाला.

"असतलो." यशोदेनं पिशवीतून घावणे काढले आणि अर्धे त्याच्या हातावर ठेवले. "आधी खावा. मडगाव खंय पळान जाणा नाय."

तो खाऊ लागला. समोर एक बाई मोठ्यानं ओरडून मिरच्या विकत होती, आणि ती मिरच्यांचा काय भाव सांगते, ते यशोदा मन लावून ऐकत होती.